खालून पाहिलेला बाँब

आमच्या गगनबावड्यात दिवाळीच्या तोंडावर एस. टी. स्टँडाजवळ फटाक्यांची एक-दोन दुकाने लागतात. गेल्या वर्षी वसुबारसेला मी तिथे पणत्या घेत उभा होतो. तेवढ्यात माझ्याच वर्गातला एक मुलगा आला, आणि मुठीतले चुरगळलेले पैसे फळीवर ठेवून म्हणाला, "एक ॲटम बाँब द्या." दुकानदाराने सुतळी गुंडाळलेल्या हिरव्या बाँबचा खोका पुढे सरकवला. "आवाज मोठा हाय न्हवं?" मुलाने विचारले. "खिडक्या हालत्यात," दुकानदार म्हणाला. मग मुलाचे माझ्याकडे लक्ष गेले आणि तो उगाच लाजला.

लाजण्यासारखे त्यात त्याच्याकडून काही झाले नव्हते. मीही त्याच्या वयाचा असताना हेच नाव घेऊन हाच खोका मागत होतो. एक अख्खे शहर माणसांसकट जाळणाऱ्या वस्तूचे नाव आपण दिवाळीच्या फटाक्याला दिले आणि ते कुणाला खटकले नाही, याचा अर्थ एवढाच की आपल्या भाषेने अणुबाँब घरात घेतला तो आवाज म्हणून. राजकारणात बाँब फुटतो, बातमीचा बाँब फुटतो, लग्नघरात मानपानावरून बाँब फुटतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या कादंबरीत "ती बातमी वाड्यात अणुबाँबसारखी फुटली" असे एक वाक्य आहे. एका स्नेह्यांनी तर त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून 'जोरदार' असा शेरा मारला होता. आज ते पान उघडायला मला धीर होत नाही. हा लेख त्या एका वाक्याचे प्रायश्चित्त आहे असे वाचकांनी समजावे.

आवाजाविषयीचा माझा समज मोडला तो एका म्हाताऱ्या शिपायाने. पण तो मोडला आहे हे कळायला मला तीस वर्षे लागली. आमच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर मराठा पलटणीतले एक पेन्शनर आजोबा राहत. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते आणि लढाई संपल्यावर जपानला जाऊन आले होते. ही थाप नव्हे. जपान शरण आल्यावर तिथे पहाऱ्याला जी राष्ट्रकुलाची फौज १९४६ साली गेली, तीत ब्रिगेडियर के. एस. थिमय्या यांच्या हाताखाली २६८ वी हिंदी ब्रिगेड होती, आणि तिच्या तीन पलटणींपैकी एक पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. ही फौज कुरे बंदरात उतरली. कुरेपासून हिरोशिमा वीस-पंचवीस किलोमीटर. म्हणजे आपल्या सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांची पोरे, बाँब पडून वर्षसुद्धा झाले नसताना, त्या राखेच्या शेजारी येऊन राहिली होती.

आम्ही पोरे आजोबांना विचारायचो, "आजा, बाँबचा आवाज केवढा झाला?" ते म्हणायचे, "म्या आवाजाला न्हवतो बाळांनो. म्या गेलो तवा समदं गप हुतं. घरं न्हाईत, नुसत्या पायऱ्या हुत्या." आम्हाला हे उत्तर फारच पिचके वाटे. आम्ही उठून खेळायला जात असू. पायऱ्या कसल्या, किती, त्यांवर कुणी बसले होते का, हे मी विचारले नाही. आणि मी कादंबऱ्या लिहू लागण्याआधीच ते वारले.

पुढे मे १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या तेव्हा मी नुकता मॅट्रिक झालो होतो. चौकात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. तो खाऊ नये होता असे मी आज म्हणत नाही, कारण देशाच्या संरक्षणाचा विचार करणाऱ्यांपुढचे प्रश्न माझ्या आवाक्यातले नाहीत. पण पेढा खाताना त्या पायऱ्या मला आठवल्या नाहीत एवढे खरे.

आता शाळेतली गोष्ट. सहा ऑगस्टला परिपाठात दोन शब्द बोलायची पाळी बहुधा माझ्यावर येते. काही वर्षांपूर्वी मी सांगितले की बाँब जमिनीवर पडून फुटला नाही, तो आकाशातच फोडला. तेव्हा पाचवीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "गुर्जी, भुईवर पडलाच न्हाई तर मग माणसं कशानं मेली?" या प्रश्नाला उत्तर देता येईना म्हणून मी वाचायला लागलो. माझे शिक्षण बेताचे, विज्ञान तर त्याहून बेताचे. तेव्हा जे कळले ते घरगुती मापानेच सांगतो.

६ ऑगस्ट १९४५ रोजी टिनियन बेटावरून निघालेल्या 'एनोला गे' या विमानात एकच बाँब होता. लांबी तीन मीटर, वजन चार टनांच्या वर. वाटेत विमान कोसळले तर आपलेच तळ उडू नये म्हणून त्यातली दारू विमान उडाल्यानंतर, हवेत असताना भरण्यात आली. आत एक तोफेची नळी होती. तिच्या एका टोकाचा युरेनियमचा तुकडा दुसऱ्या टोकाच्या तुकड्यावर उडवायचा. वेगवेगळे असताना निरुपद्रवी असलेले दोन तुकडे एकत्र आले की क्षणाच्या एका अतिसूक्ष्म भागात काम होते. सकाळी सव्वाआठला, साडेनऊ किलोमीटरांच्या आसपास उंचीवरून, बाँब सोडला. तो विमानापासून दूर जाईपर्यंत जागा होऊ नये म्हणून त्यात घड्याळ होते, मग हवेचा दाब मोजणारी कळ होती, आणि शेवटी जमिनीचे अंतर मोजणारे रडार. सुमारे त्रेचाळीस सेकंद तो पडत होता. नेम टी अक्षराच्या आकाराच्या आयोइ पुलावर होता. तो थोडा चुकला, आणि जमिनीपासून सहाशे मीटरांच्या आतबाहेर, एका शस्त्रक्रियेच्या दवाखान्याच्या माथ्यावर बाँब फुटला.

वरच का फोडला? जमिनीवर फुटता तर बराचसा जोर खड्डा खणण्यात गेला असता. वर फुटला म्हणजे हवेचा धक्का खाली येतो, जमिनीवर आपटून उलटतो, आणि उलटलेला व मूळचा असे दोन्ही धक्के एक होऊन भिंतीसारखे आडवे धावत सुटतात. किती उंचीवर फोडला असता किती घरे पडतील याचे गणित आधी केलेले होते. घरे लाकडी, हेही माहीत होते. चौसष्ट किलोंच्या आसपास युरेनियमपैकी एक किलोसुद्धा भंगले नाही. आणि ज्याची खरोखर ऊर्जा झाली ते वस्तुमान सोनाराच्या काट्यावर सहा गुंजांच्या घरात भरेल. धनत्रयोदशीला आपण कानातल्यासाठी याहून जास्त सोने घेतो. त्या सहा गुंजांचा जोर सुमारे पंधरा हजार टन दारूइतका झाला. खालच्या जमिनीचे तापमान तीन-चार हजार अंशांवर गेले, कौलांवर फोड आले, आणि अंगावरच्या कापडाची गडद नक्षी कातडीवर उमटली. पडलेल्या घरांखाली न्याहारीच्या शेगड्या पेटत्या होत्या. तिथून आगी लागल्या. वर्ष संपेपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे मेली. तीनच दिवसांनी नागासाकी. तो बाँब प्लुटोनियमचा, वेगळ्या घडणीचा. तो खरे तर कोकुरा शहरासाठी होता. पण कोकुरावर ढग आणि धूर दाटलेले म्हणून विमान तीन फेऱ्या मारून नागासाकीकडे वळले. वर्षातले चार महिने ढगांत बसून त्यांना शिव्या घालणाऱ्या आम्हा बावडेकरांना ही गोष्ट सांगून ठेवण्यासारखी आहे. अर्थात, नागासाकीतल्या सत्तर हजारांवर मृतांना ती सांगून काय उपयोग?

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी एवढे सारे सांगितले. वर्गाचे डोळे चमकले, आणि तिथेच मला कळले की उत्तर बरोबर असून सांगणे चुकले. सहाशे मीटर, चार हजार अंश, पंधरा हजार टन! पोरे सुतळी बाँब ऐकावा तशी हे ऐकत होती. कारण मी सारे विमानातून सांगत होतो.

गगनगडावर उभे राहिले की खाली कोकण दिसते. पावसाळ्यात ढग आपल्या पायांखालून जातात आणि पाहुणे हरखून फोटो घेतात. पण करूळचा घाट उतरून खाली गेले की त्याच ढगात इरले घेऊन कुणी चिखलात लावणी करत असते. वरून दिसते ते खोटे नसते, पण तिथून माणूस दिसत नाही. अणुबाँबवरच्या लेखनाचे मला दोनच वर्ग करता येतात: वरून पाहिलेले आणि खालून पाहिलेले. आपल्याकडे आपण वाचतो, आणि लिहितोही, ते बहुतेक वरून पाहिलेले.

वरून पाहिलेल्याचा उत्तम नमुना म्हणजे विल्यम लॉरेन्स या अमेरिकन बातमीदाराचा नागासाकीचा वृत्तान्त. तो बाँबच्या विमानासोबतच्या दुसऱ्या विमानात बसून गेला होता, आणि बाँब बनवणाऱ्या सरकारी प्रकल्पाच्या पगारावरही होता. त्याची भाषा भारदस्त आहे. बाँब त्याला सुंदर दिसतो, वर चढणारा ढग त्याला जिवंत प्राण्यासारखा भासतो. या लेखनासाठी १९४६ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मी तो वृत्तान्त दोनदा वाचला; दुसऱ्यांदा मुद्दाम खालची माणसे शोधत वाचला. ती सापडली नाहीत. माझे 'वाड्यात फुटलेल्या' बाँबचे वाक्य याच जातीचे.

आणि नमुना खालचा पाहायचा तर त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाने आपला अख्खा अंक देऊन छापलेले जॉन हर्सी यांचे 'हिरोशिमा'. सहा माणसे: एक कारकून मुलगी, दोन डॉक्टर, एक शिंप्याची विधवा, एक जर्मन पाद्री, एक जपानी धर्मोपदेशक. हर्सी वाक्य कुठेही चढवत नाहीत. कारकून मुलगी शेजारणीशी बोलायला मान वळवते आणि पुस्तकांचे कपाट तिच्या अंगावर पडते. रेडक्रॉसच्या दवाखान्यात तळघरात ठेवलेल्या क्ष-किरणांच्या काचा काढून पाहतात तर त्या न वापरताच उजळून गेलेल्या. न दिसणाऱ्या किरणांविषयी ढीगभर आकडे देऊन जे समजणार नाही ते या काचांनी समजते. आणि महिन्याने त्या मुलीला शहरातून नेतात तेव्हा तिला दिसते की राखेतून हिरवळ उठली आहे. त्यात हर्सी नाव घेऊन सांगतात ती वनस्पती आपल्या टाकळ्याच्या जातीची. पहिला पाऊस पडला की आमच्याकडे बांधावर उगवतो आणि ज्याची भाजी आपण लसूण घालून करतो तो टाकळा! मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. हिरोशिमा तोवर मला लांब होते.

हर्सी कितीही मोठे असले तरी पाहुणेच. घरच्यांपैकी ज्यांचे लिहिणे मला सर्वांत आतले वाटते ते हारा तामिकी. पत्नी वारल्यावर ते हिरोशिमाच्या वडिलार्जित घरी येऊन राहिले होते. बाँब फुटला तेव्हा ते न्हाणीघराकडच्या संडासात होते म्हणून वाचले. त्यांच्या कथेची सुरुवात पत्नीच्या थडग्यावर वाहायला फुले घेण्यापासून होते. कथेचे मूळ नाव 'अणुबाँब' होते. पण तेव्हा अमेरिकन लष्कराचा सेन्सॉर बसलेला, म्हणून १९४७ साली ती 'उन्हाळ्यातली फुले' या नावाने प्रसिद्ध झाली. सेन्सॉरने वाङ्मयाचे भले केल्याचे उदाहरण विरळाच, पण हे एक मानावे लागेल. हारांनी १९५१ च्या मार्चमध्ये आत्महत्या केली.

परंतु कुटुंबात वाचून दाखवावी अशी कादंबरी कोणती, असे कुणी विचारले तर मी इबुसे मासुजी यांच्या 'काळा पाऊस'चे नाव घेईन. जॉन बेस्टर यांचे इंग्रजी भाषांतर मी शब्दकोश शेजारी ठेवून एका पावसाळ्यात वाचले. बाहेर आमचा पाऊस चालू असताना! इबुसे हिरोशिमा जिल्ह्यातल्याच एका खेड्यातले. बाँब पडला तेव्हा ते शहरात नव्हते. त्यांनी दुसऱ्यांच्या रोजनिशींवरून ही कादंबरी उभी केली. १९६५ साली ती मासिकातून क्रमशः येऊ लागली तेव्हा तिचे नाव होते 'भाचीचे लग्न'. मला ते पहिले नावही तितकेच आवडते, कारण सारा विषय त्यात आहे.

कथा अशी. बाँबला काही वर्षे लोटली आहेत. शिगेमात्सु नावाचा गृहस्थ बायकोसह खेड्यात राहतो आणि आपल्याकडे असलेली भाची यासुको उजवायची त्याला काळजी आहे. स्थळे येतात आणि मागे जातात. कारण गावात कुजबूज आहे की पोरगी त्या दिवशी हिरोशिमात होती, तिला तो आजार आहे. मुलाकडचा मध्यस्थ चौकशीला आला की कुणीतरी कानात सांगतेच. आपल्याकडे कोड, क्षय, मंगळ यांवरून जे चालते ते ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना यातले एक अक्षरही परके वाटणार नाही. मग हा मामा काय करतो? तो भाचीची रोजनिशी शाईने सुवाच्य उतरवून काढायला बसतो, मुलाकडच्यांना दाखवायला, की बाँब पडला तेव्हा ही शहरात नव्हती. आणि उतरवता उतरवता त्या ओळींपाशी येतो: आगीच्या धुरातून निघालेल्या ढगांचा पाऊस तिच्या अंगावर पडला, शाईसारखा काळा, आणि धुऊनही निघेना.

ही ओळ ठेवायची की गाळायची? नवरा-बायको विचार करतात. त्या काळी कुणाला ठाऊक होते की त्या पावसात विष आहे? पण आता सर्वांना ठाऊक आहे. हिरोशिमाच्या वायव्येला तो पाऊस खरोखरच पडला होता. काजळी आणि बाँबचे किरणोत्सारी द्रव्य घेऊन मोठमोठे थेंब आले, आणि भाजलेल्या, तहानलेल्या माणसांनी ते तोंडात घेतले. इबुसे त्याची भीषणता रंगवत बसत नाहीत. एका मामाच्या हातातला टाक थांबवतात, बस्स. अणुबाँबचा परिणाम किती किलोमीटरांवर आणि किती वर्षांनी पोचतो याचे याहून अचूक माप मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिळाले नाही. तो एका खेड्यातल्या, बाँब न पाहिलेल्या घराच्या उंबऱ्यावर, स्थळाच्या रूपाने पोचतो.

दुसरीही लहान लहान कामे इबुसे अशीच मांडतात. मामी युद्धकाळात कुटुंबाने काय खाल्ले त्याची यादी लिहून काढते. भटजी पुरेनात म्हणून कारखान्याचा व्यवस्थापक शिगेमात्सुला सांगतो की मेलेल्यांवर मंत्र तूच म्हण. आणि तो बिचारा देवळात जाऊन मंत्र वहीत उतरवून आणतो. किरणांच्या आजाराने ज्यांना जड काम होत नाही असे तिघे गडी तळ्यावर गळ टाकून बसतात तर गावातली एक बाई त्यांना टोमणा मारते, की कामाच्या दिवसांत बसून मासे धरायला मजा आहे तुमची. मग ते माशांची पिले वाढवण्याचा उद्योग काढतात, म्हणजे तळ्याकाठी बसणे हे काम ठरेल. आजारी माणसाला आपला आजारही गावाला पटवून द्यावा लागतो, हे ज्याला सुचले तो लेखक खेड्यातला असल्याखेरीज राहत नाही.

दोष नाहीत असे नव्हे. उत्तरार्धात रोजनिशीमागून रोजनिशी येते. एका डॉक्टरांची हकिगत तर फारच लांबते, आणि प्रेतांची वर्णने पुन्हा पुन्हा येऊन मन बधिर होते. ते बधिर होणे लेखकाला हवेच होते असे समीक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. दुसरा दोष मोठा. जपानी फौजेने चीनमध्ये आणि ब्रह्मदेशात जे केले त्याविषयी ही कादंबरी जवळजवळ बोलत नाही. लष्करी अंमलदारांची टवाळी आहे, कागदी हुकमांची आहे; पण हिरोशिमात वेठीला आणलेले हजारो कोरियन मजूरही जळाले, ते कडेकडेनेच राहतात. आमच्या आजोबांची पलटण ज्यांच्याशी लढली त्यांचे दुःख वाचताना हे मला बोचले. तरीही बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुले त्या सकाळी शहरात आगीसाठी मोकळे पट्टे करायला घरे पाडत होती, त्यांतली सहा हजारांवर मेली, आणि त्यांना रांगेने घेऊन आलेले मास्तर त्यांच्याबरोबर मेले, हे मी मास्तर असून कसे बाजूला ठेवू? सात वाजून एकतीस मिनिटांनी धोका टळल्याचा भोंगा झाला होता. मुलांना कामावर उभे करून मास्तरांनी हजेरी घेतली असेल.

कादंबरी तर १९६६ साली संपली, पण तो पाऊस संपला नव्हता. सरकारने काळ्या पावसाची जी हद्द आखली होती तिच्या बाहेरच्या म्हाताऱ्या माणसांना, आम्हीही भिजलो होतो हे सिद्ध करायला कोर्टात जावे लागले. हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाने २०२१ च्या जुलैमध्ये चौऱ्याऐंशी जणांच्या बाजूने निकाल दिला. भिजलो होतो हे सांगायला शहात्तर वर्षे! इबुसेंचा मामा भाची बाँबच्या वेळी तिथे नव्हती हे दाखवायला वही उतरवतो आणि ही माणसे आम्ही पावसात होतो हे दाखवायला कागद जमवतात. बाँबमधून वाचलेल्यांची 'निहोन हिदानक्यो' ही संघटना, तिला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले, तिचेही काम पाहिले तर तेच: आपण खाली होतो हे सांगत राहणे.

आता नव्या पिढीला बाँब ठाऊक आहे तो २०२३ च्या 'ओपेनहायमर' चित्रपटावरून, म्हणून त्याविषयी दोन शब्द. कोल्हापुरात मी तो मित्रांबरोबर पाहिला. बाहेर आल्यावर सारी चर्चा गीतेच्या पोथीची, ती अमुक प्रसंगात का दाखवली यावर. ओपेनहायमर संस्कृत शिकले होते आणि त्यांना अकरावा अध्याय आठवला, याचा आपल्याला केवढा अभिमान! मला त्या अभिमानात काही तरी चुकल्यासारखे वाटते. विश्वरूपदर्शनाला अर्जुन तरी घाबरला होता. आपण तिकीट काढून सुखावलो. चित्रपट सामान्य नाही. वाळवंटातल्या चाचणीच्या वेळी दिग्दर्शकाने प्रकाश आधी दाखवला आणि आवाज कितीतरी वेळ अडवून धरला. ती शांतता मला फार मोलाची वाटली. आमच्या आजोबांचे "समदं गप हुतं" मला तिथेच आठवले. पण हिरोशिमा चित्रपटात नाही. तिथल्या विध्वंसाची चित्रे पडद्यावर दाखवली जातात तेव्हा नायक मान वळवतो, आणि कॅमेराही त्याच्याकडेच पाहतो. चरित्रपट म्हणून हे प्रामाणिक असेल, मला तक्रार दिग्दर्शकाविषयी नाही. तक्रार प्रेक्षकाची, म्हणजे माझी, की तेवढ्यावर मी समाधान मानले.

युद्धाचा विचार करतानाही खाली पाहता येते, हे आम्हाला बाहेरून शिकायला नको होते. आमच्या बावड्याचे जहागीरदार रामचंद्रपंत अमात्य यांचे 'आज्ञापत्र' राज्य आणि किल्ले राखण्याविषयीचे. त्यात आरमारासाठी लाकूड तोडण्याची गोष्ट निघते तेव्हा ते बजावतात की रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, लोकांनी ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. गलबत बांधायला निघालेल्या प्रधानाला झाडाखालचा माणूस दिसतो.

मग कुरे बंदरात उतरलेल्या मराठी शिपायांना काय दिसले? माझ्या वाचनात त्यावर मराठीत एकही कादंबरी नाही. त्या शिपायांना कुणी लिहायला बसवले नाही आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांनी विचारले नाही. मी त्या न विचारणाऱ्यांतला एक आहे. वर्षभरापूर्वी आजोबांच्या घरी जाऊन मी त्यांची पेटी पाहायला मागितली. सुनेने माळ्यावरून काढून दिली. पट्टा, पेन्शनचे कागद, जुन्या पलटणीचा एक बिल्ला. वही नव्हती, पत्र नव्हते. ती बाई म्हणाली, "मामंजी कधी काय बोललंच न्हाईत. फकस्त पाऊस आला की पोरांना भिजू द्यायचं न्हाईत. पैल्या पावसात तर न्हाईच." याच्यावरून काही सिद्ध होत नाही. घाटमाथ्यावरचा कुठलाही आजा पोरांना पावसात भिजू देत नाही. पण मी ते लिहून ठेवले आहे.

या दिवाळीत आई करंज्या करत बसली होती आणि मी तिला 'काळा पाऊस'ची गोष्ट सांगत होतो. तिला बाँबचे काही विशेष वाटले नाही. स्थळाची गोष्ट निघाल्यावर मात्र लाटणे थांबले.

"मग ती पावसाची वळ ठिवली का गाळली त्यानं?"

"पुस्तकात ते पान आहे, आई."

"आन् पोरीचं लगीन?"

"मोडलं. ती आजारी पडली."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग करंजीची कड दाबत म्हणाली, "गाळली आसती तर निदान आजारपणात नवरा तरी जवळ आसता की रं." आणि तिने पुढची लाटी घेतली.